लगाम कुणी धरायचा?

वालूरमधी दगडाबाईला कुणी घाबरत न्हाई, असं कुणी म्हणत असंल तर त्यानं एकदा तिच्यादेखत तिच्या घोडीला काडी मारून बघावी. मी तिची शेजारीण, कमल. शिलाई मशीन चालवते, बायांचे झंपर शिवते, अन् लगीनसराईत तिच्या मैनेची झूल शिवायचं काम बी माझ्याकडंच असतं. मैना म्हणजे तिची घोडी, पांढरीफेक. लगीन असलं की मी बी टेम्पोत बसून संगट जाते, कारण झुलीचे सुटलेले गोंडे जाग्यावर टाचायला ऐनवेळी कोण येणार? म्हणून पेडगावात जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिखटमीठ लावून सांगणारे लय हायेत, त्यांचं ऐकू नका. माझं ऐका.

दगडाबाईचा नवरा मुंजाजी. देवमाणूस. आमच्या भागात लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला परण्या म्हणतात. तर पंचक्रोशीतला परण्या म्हणलं की मुंजाजीची घोडी. त्यानं म्होरं लगाम धरून चालायचं, अन् दगडाबाईनं मागून भिजल्या हरभऱ्याची पिशवी घेऊन. दोन वर्षांमागं काविळीनं गेला बिचारा. तेरावा झाला न झाला, तोच त्याचा धाकटा भाऊ बन्सीधर गोठ्यात येऊन दावं सोडायला लागला.

"वैनी, घोडी मी नेतो. बाईमाणसाचं काम न्हाई हे."

दगडाबाई भांडी घासायलती. तशी राखेच्या हातानं उठून आली. "बाईमाणसाचं काम न्हाई? मंग इतकी वर्षं शेण कोण काढायलतं रे? तू का? सोड ते दावं."

सोडलं त्यानं. पण मनातून न्हाई सोडलं. बन्सीधरचा सोताचा एक तांबडा घोडा हाय. डीजेवर नाचवतो त्याला. तोंडात काटेरी लगाम घालतो अन् हिसके देतो. लोक शिट्ट्या मारतात, मोबाईल काढतात. त्या जनावराच्या तोंडाला फेस येतो अन् फेसात रगत असतं, ते कुणी बघत न्हाई. मैना बन्सीधरच्या दावणीला गेली असती तर तिचं बी तेच झालं असतं. दगडाबाईच्या सगळ्या जिद्दीचं मूळ हे हाय, बाकी काही न्हाई.

पहिल्या सराईत ती सोताच लगाम धरून चालली. लोकांनी चालवून घेतलं. मंग कुणीतरी कुजबुज सुरू केली, की कपाळ मोकळं असलेली बाई नवरदेवाच्या म्होरं चालते, बरं दिसतं का? झालं. एकानं म्हणलं की दुसऱ्यानं म्हणायचं, अन् तिसऱ्यानं त्याला शास्त्राचा आधार द्यायचा. हळूहळू लोक यायचे बंद झाले. आले तर म्हणायचे, "घोडी द्या, पण तुमी येऊ नका." ती म्हणायची, "मंग घोडी बी येत न्हाई." मला तर असा संताप यायचा! बाई गोठ्यात राबली तर चालती, शेण काढलं तर चालतं, अन् चार माणसांत दिसली की लगेच अपशकुन! वा रे वा!

काम न्हाई म्हणून घोडी बांधून ठेवली तर तिचे पाय धरतात. म्हणून दगडाबाई तिच्यावर बसून वढ्याकडं फिरवायला न्यायला लागली. होय, बसून! पन्नाशी उलटलेली बाई, नऊवारी लुगडं, घोडीवर. पारावरचे रिकामे लोक दात काढायचे. एकानं विचारलंच, "दगडाबाई, कासोटा सुटंल की!" ही म्हणली, "कासोटा काय नुसता मिरवायला असतो व्हय? तुजी आजी ह्याच कासोट्यानं झाडावर चढून चिंचा पाडायची, जा विचार."

सुरवातीचे दिवस मात्र लय वाईट गेले तिचे. मांड्या सोलल्या, कंबर धरली, चालता येईना. मी हळद-तेल चोळायचे अन् शिव्या द्यायचे. ती पालथी पडून विचार करायची. एक दिवस म्हणली, "कमल, आपण डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चालतो तवा मान कशी असती?"

"सरळ."

"अन् कंबर?"

"कंबर हलती. न्हाई हलली तर पाणी सांडंल."

"तेच चुकायलंय माझं. मी कंबर आखडून बसायले अन् मान हलवायले. उलटं करायले सगळं."

दुसऱ्या दिवशी डोक्यावर चुंबळ ठेवून बसली घोडीवर. चुंबळ म्हणजे घागरीखालची फडक्याची गुंडाळी. ती पडू द्यायची न्हाई, एवढंच. पडली की उतरायचं, उचलायचं, पुन्हा बसायचं. पावसाळा सरूस्तर ती अशी बसायला लागली, की घोडी चालतीय अन् ही वरती तांदूळ निवडत बसलीय असं वाटावं. कंबरदुखी गेली. माझं तेल वाचलं.

आता मेन गोष्ट सांगते.

गेल्या उन्हाळ्यात पेडगावहून दिनकरराव नावाचे एक बागाईतदार आले. संगट त्यांचा पुतण्या परमेश्वर, ज्याचं लगीन होतं तो. अन् ह्यांच्या मागून, बघा, बन्सीधर. दिनकररावांना पांढरीच घोडी पाहिजे होती, व्हिडिओत शोभून दिसते म्हणून. बन्सीधरचा घोडा तांबडा. तवा बन्सीधरनं डाव मांडला होता, की घोडी वैनीची अन् लगाम माझ्या हातात. एकदा लगाम हातात आला की घोडी कुठं जाती मंग?

दिनकरराव वाईट माणूस न्हाई. पण गावाला भिणारा माणूस हाय, अन् तसला माणूस कधी कधी वाईटापेक्षा वाईट वागतो. खुर्चीवर टेकून म्हणले, "दगडाबाई, राग मानू नका. शुभकार्य हाय. पोराला बाप न्हाई, मी चुलता. उद्या काही कमीजास्त झालं तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल. घोडी तुमची राहू द्या, लगाम बन्सीधर धरंल."

"चहा घेऊन जावा," दगडाबाई म्हणली. "घोडी यायची न्हाई."

"बघितलं का?" बन्सीधर हसला. "मी म्हणलं होतं ना? अशानं ही घोडी दावणीलाच मरणार. तशी बी आमच्या घरचीच हाय ती, कधी ना कधी मला न्यावीच लागंल."

मी दगडाबाईकडं बघितलं. तिचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला. पण आवाज चढवला न्हाई तिनं. दिनकररावांना विचारलं, "मी लगाम धरायचा न्हाई, इतकंच म्हणणं हाय ना तुमचं?"

"इतकंच."

"कबूल. त्या दिवशी मी लगामाला हात लावत न्हाई. पण मंग बन्सीधर बी लावणार न्हाई. कुणीच धरायचा न्हाई. ज्याचं लगीन हाय त्यानं सोताचा सोता धरावा. मी ह्या पोराला बसायला शिकवते."

बन्सीधर इतका हसला की त्याला ठसका लागला. "हा? हा दूधवाला? फटफटीवरून पडू नये म्हणून क्यानांना धरून बसतो हा! अन् पडला तर?"

"पडला तर घोडी तुझी. सोडून ने."

"अगं ए बाई!" मी तिचा पदर ओढला. तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

परमेश्वर इतका वेळ दाराशी गप उभा होता, अन् मैना त्याच्या सदऱ्याला हुंगायलती. दुधाचा वास येत असंल. तो हळूच म्हणला, "शिकतो की मावशी. पण मला जमंल का?"

"बसायचंच हाय की रे," दगडाबाई म्हणली. "तुला काय उडायचंय?"

दुसऱ्या दिवसापासून पोरगा यायला लागला. सकाळचं दूध परभणीत घालायचं, अन् दुपारी रिकामे क्यान खडखडवत वालूरला. अंगानं बरा, मनानं तर लयच चांगला, पण बसला की असा आखडायचा की बघवायचं न्हाई. वर्षानुवर्षं फटफटी चालवून खांदे कानाला लागलेले. अन् गुडघे! फटफटीची टाकी दाबतात तसे घोडीच्या बरगड्या दाबायचा. दाबलं की घोडीला वाटायचं, पळ म्हणतोय. ती पळायला लागली की हा आणखी दाबायचा, अन् लगाम ब्रेकसारखा ओढायचा. वढ्याच्या काठानं एकदा असा गेला की मी डोळेच मिटले. दगडाबाई खालून वरडायलती, "आरं सोड! गुडघे सोड! मुडद्या, ती फटफटी न्हाई!"

बाभळीच्या बुडाला जाऊन थांबली घोडी. पोरगा रडवेला झाला होता.

"मावशी, सोडलं तर पडंन मी."

"धरलं म्हणूनच पडायलास तू. उतर."

मंग तिनं काय केलं, तर पळसाची दोन पानं आणली. त्याला वर बसवलं अन् दोन्हीकडं गुडघा अन् घोडीच्या मधी एकेक पान ठेवलं. "ही पानं पडली पाहिजेत," म्हणली. पोरगा गोंधळला. त्याला वाटलं पानं सांभाळायची असतील. "न्हाई रे बाबा, पडू दे. पान दाबून धरलंस म्हणजे तू घोडीला चिमटा लावलास. पाय नुसता खाली सोड, ओल्या लुगड्यासारखा. टाच खाली. भार बुडाच्या दोन्ही हाडांवर, एकावर न्हाई." त्याला ते जमायला दोन दुपारी गेल्या. जवा दोन्ही पानं गळून खाली पडली तवा मैनेनं मोठा सुस्कारा टाकला. खरं सांगते, घोडीनं टाकला! दगडाबाई म्हणली, "ऐकलंस? तिला बी बरं वाटलं."

मंग चुंबळ. नवरदेव डोक्यावर बायकांची चुंबळ घेऊन घोडीवर! सगळं वालूर वढ्यावर लोटलं. कुणी म्हणलं, नवरदेवाला पाण्याला धाडायलेत का? पोरगा लाजून लाल झाला अन् लाजला की पुन्हा आखडला. दगडाबाई त्या लोकांवर खेकसली, "ज्याला हसायचंय त्यानं म्होरं यावं, चुंबळ मी देते, घोडी मी देते. या! कोण येतंय?" कुणी आलं न्हाई. हळूहळू गर्दी पांगली.

पण श्वास मात्र सुटंना त्याचा. भ्यायलेला माणूस श्वास धरून ठेवतो, अन् घोडीला ते पाठीवर कळतं. दगडाबाईनं लय विचार केला, अन् एक दिवस घोडी चालती ठेवून विचारलं, "परमेश्वर, सकाळी पहिलं दूध कुणाच्या घरी घालतोस?"

"स्टँडमागं एक मास्तरीणबाई हायेत, त्यांच्याकडं."

"कशा हायेत?"

"लय कटकट करतात मावशी. रोज म्हणतात पाणी घातलं."

"घालतोस का?"

"आईच्यान न्हाई!" अन् पोरगा हसला. हसला की खांदे खाली आले, कंबर सुटली, अन् घोडीच्या चालीसंगट आपोआप हलायला लागली. तवापासून तेच. गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत बसायचं. मास्तरीणबाई झाल्या की त्यांच्या शेजारचा फोटोवाला, मंग दाराला आतून कुलूप लावून जाळीतूनच भांडं फुडं करणारा म्हातारा. वढ्यापासून शाळेपर्यंत दूध घालून व्हायचं त्याचं. मांड्या भरून येणं थांबलं. आधी पटकन उतरायला बघायचा, आता उतर म्हणलं तरी उतरंना.

"दिवस मावळूस्तर बसता आलं पाहिजे," दगडाबाई म्हणायची. "तवा त्याला बसणं म्हणायचं. अन् एक ध्यानात ठेव, खाली बघू नको. तू बघशील तिकडं घोडी जाती. मान वळवली की तुजी कंबर वळती, अन् तुजी कंबर वळली की तिला कळतं. लगाम ओढायचा कशाला?"

हळदीच्या दिवशी आमी दोघी पेडगावला गेलो, गल्ली बघायला. कुठं चढ हाय, कुठं तार लोंबती हाय, हे घोडीसाठी बघावं लागतं. अंगणात हळद चाललेली, बाया गाणी म्हणायलत्या. आमाला मागच्या दारानं आत घेतलं. तिथं गोठ्याशेजारी चुलवणावर एक बाई भात हाटत बसली होती. धुरानं डोळे लाल. ती परमेश्वरची आई, कडूबाई. पोरगा पाळण्यात होता तवा नवरा गेलेला. एका म्हशीच्या जिवावर पोराला वाढवलं तिनं, दुधाचा धंदा तिनंच उभा केला. अन् पोराच्या हळदीला ती मागं, धुरात!

चहा दिला तिनं. मंग दगडाबाईला म्हणली, "बाई, तुमी लगाम धरणार होता म्हणे. मीच भाऊजींना म्हणलं, तिला धरू देऊ नका."

मी तर चाटच पडले. दगडाबाईनं विचारलं, "का हो?"

"का म्हणजे? मी आई हाय. मी माझ्या सोताच्या लेकाला हळद लावली न्हाई. मांडवाकडं तोंड बी केलं न्हाई, त्याचं चांगलं व्हावं म्हणून. अन् तुमी कोण लागून गेलात, त्याच्या म्होरं चालायला?"

"तुमाला कुणी सांगितलं होतं का, हळद लावू नका म्हणून?"

"सांगावं कशाला लागतं?" कडूबाई म्हणली, अन् पुन्हा भात हाटायला लागली.

एवढ्यात मागं वळून बघतो तर दारात परमेश्वर. गालाला हळद लागलेली, पिवळा धमक. आमाला बघून आला असंल. त्यानं किती ऐकलं ते कळलं न्हाई. आईकडं बघत उभा राहिला अन् तसाच मागं फिरला.

येताना टेम्पोत दगडाबाई मागं पडणाऱ्या पेडगावाकडं बघत बसली. मंग म्हणली, "कमल, दिनकररावांवर रागावता येतं गं. ह्या बाईवर कसं रागवू?" अन् पदर तोंडाला लावून रडली. मुंजाजी गेला तवा बी मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

लग्नाचा दिवस. ऊन मी म्हणत होतं. मैनेला मी लाल झूल घातली, गोंडे बांधले. दगडाबाईनं तिच्या तोंडात साधा लगाम घातला, लगाम घोडीच्या मानेवर टाकला, अन् सगळ्यांच्या म्होरं दोन्ही हात मागं बांधून लिंबाखाली जाऊन उभी राहिली. बन्सीधर आला होताच. खांद्यावर त्याचा तो काटेरी लगाम टाकून, मैनेला घरी न्यायच्या तयारीनं. निर्लज्ज! दिनकरराव घाम पुसत इकडून तिकडं फिरायलते.

फेटा, मुंडावळ्या, हातात कट्यार, अशा थाटात परमेश्वर घोडीवर चढला. आता रीत अशी हाय, की नवरदेव बसला की सवाशिणींनी घोडीच्या पायांवर पाणी घालायचं, हळदीकुंकू लावायचं, गूळ-डाळ चारायची, अन् मंग परण्या निघतो. सवाशिणी तांबे घेऊन तयार होत्या. तेवढ्यात त्या डीजेवाल्यानं, काय अक्कल म्हणायची त्याची, एकदम मोठ्यानं लावलं! जमीन हादरली. मैना दचकून मागं सरली, मागचे पाय पोटाखाली घेतले, मान वर टाकली. बाया किंचाळून पांगल्या. बन्सीधर दोन पावलं म्होरं आला. लिंबाखाली बघितलं तर दगडाबाईचे हात मागंच. नुसते ओठ हलायलते.

अन् वर परमेश्वर काय करायलता? मी घोडीच्या अगदी जवळ होते, मला ऐकू आलं. तो म्हणायलता, "मास्तरीणबाई. फोटोवाला. कुलूपवाले आजोबा..." खांदे खाली सोडलेले, पाय लोंबते, नजर लांब. मुठीत लगाम होता पण मूठ सैल. घोडी एकदा गोल फिरली, तो तिच्यासंगट फिरला. मंग तिनं कान हलवले, सुस्कारा टाकला, अन् उभी राहिली. कुणीतरी डीजे बंद केला.

"वा रे वाघा!" गर्दीतून कुणीतरी वरडलं. दिनकररावांच्या तोंडावर रंग आला. "या गं बायांनो, पाणी घाला, उशीर होयलाय."

सवाशिणी म्होरं आल्या. पण परमेश्वरनं त्यांच्याकडं बघितलंच न्हाई. त्यानं मान वळवली, घराच्या मागच्या अंगाला, गोठ्याकडं. अन् जिकडं त्यानं बघितलं तिकडं मैना चालायला लागली.

"आरं! तिकडं कुठं? मारुती इकडं हाय! आरं धरा कुणीतरी!" दिनकरराव वरडले. बन्सीधर धावला. तवा दगडाबाई लिंबाखालून निघून मधी येऊन उभी राहिली. हात अजून मागंच बांधलेले. म्हणली, "कुणीच धरायचा न्हाई असं ठरलंय, दिनकरराव. तुमच्या म्होरं ठरलंय." बन्सीधर जाग्यावर थांबला.

सगळी वरात गोठ्याकडं वळली. कडूबाई चुलवणापाशी उभी होती, हातात झारा. घोडी येऊन तिच्या म्होरं थांबली.

"आई, पाणी घाल."

"आरं भाड्या, मागं फिर!" बाईनं झारा उगारला. "तुला कळतंय का? मी न्हाई घालणार. माझ्या हातानं न्हाई."

"घाल म्हणलं ना."

"न्हाई!"

"बरं," परमेश्वर म्हणला. "मंग मी उतरत बी न्हाई अन् फुडं बी जात न्हाई. मावशीनं शिकवलंय. दिवस मावळूस्तर बसता येतं मला."

अन् बसला की! चुलता ओरडला, मामा विनवू लागला, भटजीनं मुहूर्ताची घाई केली. आधी जो पोरगा वढा ओलांडूस्तर कण्हायचा, तो फेटा-मुंडावळ्या लावून भर उन्हात असा निवांत बसला होता जसा सोताच्या बाजेवर बसलाय. पाय सैल, कंबर सैल. मैनेनं बी एक मागचा पाय ढिला सोडला अन् डोळे अर्धे मिटले. दोघांना घाई न्हाई. घाई बाकी सगळ्यांना होती. दिनकरराव आमच्याकडं वळून म्हणले, "दगडाबाई, सांगा त्याला काहीतरी!" ती म्हणली, "मी काय सांगू? मला तर लगामाला हात लावायची बंदी हाय."

मला हसू बी यायलतं अन् रडू बी.

शेवटी दिनकररावच गेले कडूबाईपाशी. मंग मान खाली घालून म्हणले, "वैनी, घाला. माझं ऐका. घाला पाणी."

कडूबाईनं झारा खाली ठेवला. हात लुगड्याला पुसले. रांजणातून तांब्या भरला अन् मैनेच्या पायांवर पाणी घातलं. निम्मं पाणी तिच्याच पायांवर सांडलं. हळदीकुंकवाचं ताट कुणी फुडं केलं ते मी बघितलं न्हाई, पण तिनं घोडीच्या कपाळाला बोट लावलं. मंग वर बघितलं, अन् पोरगा घोडीवरून असा खाली वाकला, की तिचा हात त्याच्या गालाला पुरावा. काल राहिलेली हळद तिनं आज लावली. बायांमधी एकीचा बी डोळा कोरडा राहिला न्हाई, अन् त्यातल्या कितीतरी कालपर्यंत नाकं मुरडणाऱ्या होत्या, हे मी विसरणार न्हाई.

मंग परमेश्वरनं लगाम घोडीच्या डोक्यावरून म्होरं घेतला अन् आईच्या हातात दिला.

"आता निघू, आई."

कडूबाईनं लगाम असा आवळला की मैनेनं मान झटकली. तवा दगडाबाई तिच्या शेजारी गेली. पहिल्यांदा हात मागून सोडले. "मूठ सैल ठेवा," म्हणली. "ओढायचं न्हाई. ती येतीच तुमच्यासंगट."

बन्सीधरनं त्याचा तो काटेरी लगाम खांद्यावरून काढून पिशवीत कोंबला, अन् जेवायला बी थांबला न्हाई.

म्होरं त्या दोघी, मागं घोडीवर पोरगा, अन् त्याच्या मागं सगळं पेडगाव, असा परण्या मारुतीला पोचला. पायऱ्यांपाशी घोडी थांबली. तिथं लोक दाटले होते, सगळ्यांचे डोळे ह्या दोघींवर. कडूबाई बावरली. दगडाबाईच्या कानाशी वाकून विचारलं, "बाई, पोचलो आपण. आता सोडू का?"

दगडाबाईनं पायऱ्यांवरच्या लोकांकडं एकदा सावकाश बघून घेतलं.

"का सोडता?" ती म्हणली. "परत बी जायाचंय की. धरा."